तीन बोटं

४ सप्टेंबर, मंगळवार

आज ब्लेन रँकिन आला होता. सेंट कॉर्मॅक विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा आताचा कोच. चाळिशीच्या आतला, अंगाने धिप्पाड, पण स्वयंपाकघराच्या दारात टोपी हातात धरून असा उभा राहिला की जणू माझ्या खिडकीची काच फोडून आलाय. बस म्हटल्यावर नेमका माझ्या नवऱ्याच्या, लॉकीच्या खुर्चीत बसला. त्याला काय माहीत. चहा ओतताना माझा सगळा जीव त्या खुर्चीत.

"मिसेस मॅक, टीम बंद करतायत," तो म्हणाला.

"कोण करतंय?"

"विद्यापीठाचं मंडळ. चौदा नोव्हेंबरला सभा आहे. सगळ्यांसमोर मत घेणार. खेळायला मुलं मिळत नाहीत, विमा परवडत नाही, वर आम्ही हरतोय."

"मग हरता कशाला?"

"तेच तर मी पोरांना सांगतो." तो हसला, पण डोळे भरलेले होते.

त्याचं म्हणणं असं की टीमचा इतिहास कुणीतरी लिहावा आणि सभेत वाचून दाखवावा, म्हणजे आपण काय पुरायला निघालोय हे लोकांना कळेल. "लॉकी इथेच खेळला, मग केस पांढरे होईपर्यंत इथेच कोच होता. तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. आणि तुम्ही वाचता, हे गावाला ठाऊक आहे."

वाचते खरी. आठवीतून मासळीच्या कारखान्यात गेले ती कायमची, पण वाचनालयातली कपाटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचून काढली. वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. तरी मी हो म्हटलं. टीम गेली तर शनिवार जाईल. लॉकीला जाऊन दोन वर्षं झाली. मैदानावरून येणारा तो आवाज सोडला तर त्याचं असं आता काय उरलंय?

सभा कधी, हे ब्लेनने मलाच पुन्हा दोनदा विचारलं. आताच तर तूच सांगितलंस, म्हटलं. "डोक्यात खूप आहे सध्या," म्हणाला. जाताना टोपी विसरला. अंगणातून परत आला, घेतली, आणि दारातून तीन बोटं वर केली. मीही केली.

९ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर लॉकीकडे गेले. आमचं कब्रस्तान मैदानाला लागून आहे, मध्ये फक्त दगडी भिंत. त्याच्या दगडावर टीमने हात कोरून दिलाय, तीन बोटं वर केलेला. गवत काढलं, त्याला ब्लेनचं सांगितलं.

दुपारी पहिलं पान लिहिलं. फाडलं. परत लिहिलं. आता असं आहे:

"युद्धावरून परतलेल्या मुलांनी सेंट कॉर्मॅकची टीम सुरू केली. मैदान म्हणजे गाईंचं कुरण. तेही पुरेसं लांब नव्हतं, म्हणून शेवटची पट्टी कब्रस्तानाच्या भिंतीला नेऊन भिडवली. जर्सी नव्हत्या, तेव्हा नन्सनी बनियनं गोळा करून धुलाईघरात लाल रंगवली, आणि त्या आठवड्यात सगळ्या फादर लोकांचे अंगरखे गुलाबी निघाले."

हे वाचून माझं मलाच हसू आलं. किती दिवसांनी.

मग तीन बोटांचं लिहिलं, कारण ते वगळून आमचा इतिहास होणार नाही. हेल्मेट घालून, बॉल हातात धरून दहा यार्ड पुढे सरकायला आपल्या खेळात तीन डाउन मिळतात, म्हणजे तीन प्रयत्न. सीमेपलीकडे अमेरिकेत चार. आमचे लोक म्हणतात, त्यांना चार लागतात, आमचं तीनात भागतं. म्हणून तीन बोटं. को-ऑपच्या दुकानात, लग्नात, मयताला, रस्त्याच्या पलीकडून. तीन बोटं केली की समजायचं, आपला माणूस आहे.

कपाटातून फादर डुगनची चामडी पिशवी काढली. फादर डुगन साठ सालाच्या सुमारास टीमची दुखणीखुपणी बघायचे. ते गेल्यावर पिशवी लॉकीकडे आली. पट्ट्या, कात्री, आणि शुद्धीवर आणायच्या उग्र वासाच्या क्षाराची बाटली. झाकण काढलं तर अजून नाकात सुई गेल्यासारखं झालं. सभेत टेबलावर मांडीन म्हणते.

१८ सप्टेंबर, मंगळवार

रॉडी गिलिसला भेटून आले. चौसष्ट सालच्या टीममधला, लॉकीच्या शेजारी खेळायचा. गावाबाहेर एकटाच राहतो, बायको कधीच निघून गेली. भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. उजेडाने डोकं दुखतं म्हणाला. लॉकीलाही शेवटी उजेड नको असायचा. या समुद्रकाठच्या वाऱ्याने डोळे खराब होतात, माझी आईही म्हणायची.

"चौसष्टचं सांग रॉडी, मी इतिहास लिहितेय."

"चौसष्ट! जेरारने शेवटच्या मिनिटाला लाथ घातली, बॉल थेट भिंतीपल्याड, कब्रस्तानात! पट्टीपल्याड गेला की एक गुण! एका गुणाने जिंकलो, एफी! बॉल आणायला कुणी जाईना, म्हणे मेलेले पकडून ठेवतील."

हसलो दोघं. मी लिहून घेतलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चौसष्टचं सांगू का तुला?" आणि पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर मी म्हटलं, "हे झालं रॉडी, पुढे काय?" त्याने कप भिंतीवर फेकला. चहा माझ्या कोटावर उडाला. मग तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मी कपाचे तुकडे गोळा केले, फरशी पुसली. एकटं राहून माणूस तापट होतो. लॉकी म्हणायचा, रॉडीएवढा थंड माणूस टीममध्ये नव्हता, चर्चमध्ये कोळी सापडला तर रुमालात धरून बाहेर सोडायचा. बायको जायला नको होती.

२९ सप्टेंबर, शनिवार

हरलो. पाऊस. आमच्या बाजूला मोजकी माणसं. पण पोरं चिखलात पडत होती, उठत होती, आणि ब्लेन रेषेवरून ओरडत होता तेव्हा क्षणभर वाटलं लॉकीच आहे. घरी येताना सवयीने दोन मासे घेतले. एक मांजराला घातला.

८ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंग. शीना आली होती, हॅलिफॅक्सहून. तिथे रुग्णालयात नर्स आहे. टर्की दोघींना कशाला, म्हणून कोंबडीच केली. जेवण झाल्यावर तिने माझी पानं मागितली. मी अभ्यास दाखवणाऱ्या पोरीसारखी समोर बसले.

"छान लिहिलंयस आई. नन्सचं तर फारच." मग पानं खाली ठेवली. "रॉडीकाकाला भेटलीस ना? कसा आहे?"

"तापट झालाय."

"बाबांसारखा?"

"बाबा तापट नव्हते."

"आई, त्यांनी न्हाणीघराचं दार फोडलं होतं. तू आत होतीस."

"ते आजारी होते तेव्हा."

"कशाने आजारी होते?"

मी उठून भांडी घासायला घेतली. विस्मरण. कुणाला लवकर येतं, कुणाला उशिरा. लॉकीला लवकर आलं, साठीच्या आत. किटली फ्रिजमध्ये ठेवायचा. एकदा मला विचारलं, "बाई, माझी एफी कुठे गेली?" याला कुणाचा काय इलाज? शीनाला मात्र प्रत्येक गोष्टीला नाव हवं असतं. नर्सचा स्वभाव.

ती माझ्या पाठीमागे उभी राहून म्हणाली, "तू त्या सगळ्यांना भेटतेयस. मी काही सांगत नाही. फक्त बघ."

"बघतेच आहे मी."

"नाही आई. तू लिहून घेतेयस."

निघताना मी तीन बोटं केली. तिने केली नाहीत. मला मिठी मारून गेली.

१३ ऑक्टोबर, शनिवार

खाडीपलीकडे जेरार बूद्रोकडे गेले. ज्याची लाथ भिंतीपल्याड गेली तोच हा. इव्हेटने, त्याच्या बायकोने, रापी केली होती, किसलेला बटाटा आणि कोंबडी, घरभर वास. जेरार चाकाच्या खुर्चीत खिडकीशी. गळ्यात रुमाल बांधलेला. इव्हेट चमच्याने भरवते. घास तोंडात तसाच राहतो, मग ती गालावर बोट फिरवते तेव्हा गिळतो.

"बोलत नाही गं आता," ती म्हणाली. "वसंत ऋतूपासून एक शब्द नाही. मी बोलते, तो ऐकतो. आधीही तसंच होतं म्हणा."

मी त्याच्यासमोर वाकले आणि तीन बोटं दाखवली.

काय सांगू! त्याचे डोळे उघडले. हात थरथरत वर आला, तीन बोटं. आणि बोलला! "ठीक आहे मी फादर. तीन. तीन. जाऊ द्या मला आत." खुर्चीचे दांडे धरून उठायला बघत होता. रुमाल पडला, वाटी पडली. आम्ही दोघींनी धरलं तेव्हा कुठे बसला. मग बराच वेळ "तीन, तीन" चाललं होतं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. सगळं गेलं, पण टीमवरची माया तेवढी राहिली. हे सभेत सांगितलं तर कुणाची हिंमत आहे टीम बंद करायची?

इव्हेटला मात्र आनंद झालेला दिसला नाही. वाटीचे तुकडे उचलत म्हणाली, "एफी, परत ते दाखवू नकोस त्याला."

बायका आपल्या माणसाच्या बाबतीत हळव्या होतात. मीही अशीच होते.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

अडचण आली आहे. चौसष्टच्या सामन्याचं कुणालाच धड आठवत नाही. जे जिवंत आहेत त्यांना आठवत नाही, ज्यांना आठवलं असतं ते गेले. एक तर बोटीवरून पाण्यात गेला, अपघात की काय कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मी प्रेक्षकांत होते, लग्नाआधीची, लॉकीचा लाल मफलर गळ्यात घालून. पण मला फक्त लॉकी दिसत होता. खेळ कुठे दिसत होता?

ब्लेन म्हणाला, चेस्टर पेल्कीला विचारा. मेन राज्यातला अमेरिकन पोरगा, तेव्हा इथे शिकायला होता. त्याला सगळे "चार" म्हणून चिडवायचे, एवढं मला आठवतं. कायम बाकावर बसलेला. तो काय सांगणार? पण फोन केला. आवाज खणखणीत. "एफी मॅकएकर्न! लाल मफलर!" म्हणाला. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो म्हणाला, एकटा, एवढ्या लांबून, या वयात.

२७ ऑक्टोबर, शनिवार

चेस्टर आला. ताठ चालतो. वेलींवरचे शेवटचे टोमॅटो स्वतः आणले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. शब्दकोडं सोडवत बसतो म्हणाला, पेनने. सकाळपासून बोलत होता आणि मी लिहीत होते. कोण कुठे उभा होता, वारा कुठून होता, नन्स कोणत्या बाकावर बसल्या होत्या. सगळं. माझी पानांमागून पानं भरली. मी मनात म्हटलं, देवाची लीला बघ, जो खेळलाच नाही त्याच्याकडून इतिहास मिळतोय.

मग मी हसत विचारलं, "तुला चार का म्हणायचे रे?"

"तुला माहीत नाही?" तो म्हणाला. "लॉकीने सांगितलं नाही कधी?"

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. उद्या मी बदलायला बघेन.

कुणाच्या डोक्याला मार बसला की फादर डुगन त्याला रेषेबाहेर घ्यायचे, नाकाला बाटली लावायचे आणि विचारायचे, "किती डाउन, पोरा?" दम लागलेला असायचा, तोंडात दातांची रबरी पट्टी असायची, म्हणून पोरगा बोटं दाखवायचा. तीन दाखवली तर डोकं ठिकाणावर आहे. पाठीवर थाप, आणि परत आत.

"मी पहिल्यांदा खरंच चुकलो," चेस्टर म्हणाला. "मला काही झालं नव्हतं, हेल्मेटला नुसता धक्का. पण लहानपणापासून चार खेळलेलो. फादरने विचारलं, हात आपोआप वर गेला. चार. झालं! उरलेला सामना बाकावर. पोरं हसून लोळली."

"मग?"

"मग एकदा खरंच लागलं. कानात घंटा वाजत होत्या. पण तीन आठवत होतं एफी. तीन सगळ्यांनाच आठवायचं. माणूस आपलं नाव विसरेल, तीन नाही विसरणार. आम्ही अंघोळीच्या खोलीत एकमेकांना पढवायचो, काय वाट्टेल ते झालं तरी तीन. मी फादरच्या तोंडाकडे बघितलं आणि मुद्दाम चार केली. त्यानंतर दर वेळी."

"घाबरून?"

"हो, घाबरून," तो म्हणाला. मीठ इकडे दे म्हणावं तसं. "फादरना वाईट समजू नकोस. त्यांना वाटायचं ही परीक्षाच आहे. आम्हालाही वाटायचं."

मी पेन ठेवलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आणि चौसष्टला लॉकी?"

तो खिडकीबाहेर बघत बसला. मैदानावरून शिट्टी ऐकू येत होती.

"सामन्याच्या तिसऱ्या पाव भागात दोघांनी मिळून पाडला त्याला. उठला तो समोरच्या टीमच्या बाकाकडे चालायला लागला. रॉडीने खांदा धरून आणला. माझ्या शेजारी बसवला. मला म्हणाला, आज आपण कुणाशी खेळतोय? मी म्हटलं, लॉकी, चार म्हण. फादर येतायत, चार म्हण. त्याने प्रेक्षकांत बघितलं."

"आणि?"

"म्हणाला, कसं म्हणू? एफी बघतेय."

त्यानंतर चेस्टर काय बोलला मला आठवत नाही. टोमॅटो अजून टेबलावर आहेत.

१ नोव्हेंबर, गुरुवार

लिहवत नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

मैदानावरून आवाज आला तशी खिडकी बंद केली. या घरात शनिवारी मी पहिल्यांदा खिडकी बंद केली.

रुग्णालयातले ते शेवटचे आठवडे. तरणा डॉक्टर रोज सकाळी विचारायचा, कोणतं साल आहे, आपण कुठे आहोत, पंतप्रधान कोण. लॉकी त्याच्याकडे बघायचा आणि तीन बोटं वर करायचा. मी म्हणायचे, बघा, ओळखलं त्याने, नमस्कार करतोय. आणि मीही समोरून तीन बोटं करायचे. दर वेळी. मग तो चादर बाजूला करून पाय खाली टाकायचा, उठायची धडपड करायचा, आणि मी शीनाला सांगायचे, बघ गं, तुझे बाबा मैदानावर निघाले.

तो मला नमस्कार करत नव्हता. तो डॉक्टरला उत्तर देत होता. त्याला आत जायचं होतं, आणि मी समोर उभी राहून हो म्हणत होते.

६ नोव्हेंबर, मंगळवार

पिशवी. पुढे पिशवी लॉकीकडे आली होती. म्हणजे प्रश्नही त्याच्याकडेच आला. किती शरद ऋतू त्याने गुडघ्यावर बसून पोरांच्या नाकाला ती बाटली लावली असेल! किती डाउन, पोरा? पोरांनी तीन बोटं केली की पाठीवर थाप मारून सोडत असेल. त्याला ती माया वाटत होती. मला तो घरी येऊन सांगायचा, "आज पोरगा पडला होता, पण उठला बघ, परत गेला," आणि मी त्याला वाढायचे.

शीनाला फोन केला. हॅलो म्हटलं, एवढंच. शीना म्हणाली, "दिसलं?"

"हो."

"मी येऊ का आई?"

"सभेला ये."

११ नोव्हेंबर, रविवार

स्मारकापाशी दोन मिनिटं उभे राहिलो, कोटावर लाल फुलं लावून. युद्धात गेलेल्यांची नावं वाचली. मी माझ्याच मनातली नावं म्हणत होते.

ब्लेन भेटला. "झालं का लिहून मिसेस मॅक? सगळं तुमच्यावर आहे बघा. माझी पोरं, माझी नोकरी, सगळं." हात धरून सोडेना. हा माणूस वाईट नाही. कुणीच वाईट नाही, हेच तर माझ्याने सोसवत नाही. मारायला कुणी सापडला असता तर बरं झालं असतं.

न गेले तर? आजारी आहे म्हटलं तर? गावात राहायचंय मला. माझा नवरा त्या भिंतीपाशी पडलाय आणि गावाने त्याला मान दिलाय. तो मान मीच उतरवू?

१४ नोव्हेंबर, बुधवार

पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. सभागृह भरलेलं, माणसं भिंतीला टेकून उभी. लाल जर्सी घातलेली टीम पुढच्या रांगेत. रॉडी काळा चष्मा लावून. इव्हेटने जेरारची खुर्ची कडेला लावली होती. चेस्टर अगदी मागे, शीनाजवळ.

मी वाचायला लागले. कुरण, भिंत, नन्स, गुलाबी अंगरखे. लोक पोट धरून हसले. चौसष्टचं वाचलं, बॉल भिंतीपल्याड गेला तेव्हा तर टाळ्यांनी छत कोसळतंय की काय असं झालं. ब्लेनचा चेहरा उजळला. तिथे कागद संपले. मी तिथेच थांबले असते तर टीम वाचली असती. हे मला उभ्या जागी कळत होतं.

"पुढचं लिहून आणलेलं नाही," मी म्हटलं. "सांगते."

आणि प्रश्न सांगितला. बाटली काढून टेबलावर ठेवली. कुणी कसं उत्तर द्यायचं ते सांगितलं. रॉडीच्या खिडक्यांच्या घोंगड्या सांगितल्या, त्याच्याकडे बघून, परवानगी मागितल्यासारखं, आणि त्याने मान हलवली. न्हाणीघराचं दार सांगितलं. ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सभागृह गार पडलं. मग मधल्या रांगेतून कुणीतरी, मला वाटतं मला सावरायलाच, ओरडलं, "लॉकीसाठी!" आणि सगळे उठले. खुर्च्या सरकल्या. सगळ्या सभागृहाचे हात वर. तीन बोटं, तीन बोटं, जिकडे बघावं तिकडे. पुढच्या रांगेतल्या पोरांचीही. जेरारचा हातसुद्धा, थरथरत.

सगळे माझ्याकडे बघत होते. आता मी हात वर करायचा होता.

मी केला. चार बोटं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एकजण म्हणाला, "अमेरिकन झालीस काय गं एफी?" दोघंतिघं हसले. हसू तिथेच विरलं. मी हात खाली घेतला नाही. खांदा दुखायला लागला, तरी नाही. मागे चेस्टरने हात वर केला, चार. शीनाने केला. हळूहळू काही हात खाली गेले. आमच्यासारखी चार मात्र आणखी कुणी केली नाहीत.

मग इव्हेट वाकली. जेरारचा तो थरथरता हात तिने आपल्या हातात घेतला आणि मिटलेलं चौथं बोट हळूच उघडलं. मिटलं जाऊ नये म्हणून धरून ठेवलं. "बस आता," ती त्याला म्हणाली. "बस झालं, जेरार. बस." तो मागे टेकला.

मत झालं. टीम बंद.

१९ नोव्हेंबर, सोमवार

को-ऑपमध्ये कुणी बोललं नाही. खाटकाने मान वर न करता मांस बांधून दिलं. दारावर कुणीतरी चिखल फेकला होता, धुतला. शीना म्हणते माझ्याकडे ये राहायला. बघू.

दुपारी ब्लेन आला. मला वाटलं भांडायला आलाय. बसला, पण लॉकीच्या खुर्चीत नाही, दाराजवळच्या स्टुलावर.

"का केलंत मिसेस मॅक?"

"तुला कुणी विचारलं होतं का रे कधी? किती डाउन?"

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. "लॉकीनेच विचारलं होतं," म्हणाला. "खूपदा." मग म्हणाला, "का केलंत मिसेस मॅक?" अगदी त्याच आवाजात, जणू आताच आत आलाय.

मी चहा ओतला. त्याच्या बायकोचा फोन नंबर मागून घेतला. टोपी विसरून गेला. या वेळी परत आला नाही. खुंटीला लावून ठेवली आहे.

२४ नोव्हेंबर, शनिवार

पहिला बर्फ. दुपारभर कान देऊन बसले, पण मैदान गप्प. शेवटी कोट घालून लॉकीकडे गेले. भिंतीवर, दगडांवर, सगळीकडे पांढरं. कोरलेल्या हातावरही बर्फ साचला होता. बोटं कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते दिसत नव्हतं. मी पुसला नाही.

बराच वेळ उभी राहिले. तुझा मान मी घालवला, असं सांगायला गेले होते. ते सांगता आलं नाही. मग पाठ वळवली, मैदानाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हटलं, कुणी ऐकलं तर ऐको.

"चार म्हण लॉकी. चार म्हण. मी बघत नाहीये."